सोयाबीनचें दूध : एका उकळीचा इतिहास

नारळ खवून, वाटून, फडक्यांतून पिळला म्हणजे जो शुभ्र रस निघतो त्यास दूध म्हणतांना कोंकणांतील गृहिणीस कधीं संकोच वाटलेला नाहीं. कोशकार कांहींही म्हणोत. स्वयंपाकघराच्या भाषेंत जें पांढरें, स्निग्ध आणि पोषक तें दूध, मग तें आंचळांतून उतरलेलें असो वा पाट्यावरून निथळलेलें असो. युरोपीय संघाच्या न्यायालयानें मात्र इ. स. २०१७ मध्यें असा निवाडा दिला कीं, सोयाबीनच्या रसास बाजारांत 'दूध' हें नांव लावतां येणार नाहीं. गंमत अशी कीं, नारळाच्या दुधास त्याच नियमांत सूट दिलेली आहे. हा वाद आम्ही कायदेपंडितांवर सोंपवितों. आमच्यापुढील प्रश्न निराळा आहे. भिजविलेलें कडधान्य पाण्यांत वाटून गाळलें कीं पांढरें पाणी कोणासही मिळतें. परंतु तें पाणी माणसाच्या पिण्याजोगें केव्हां झालें, कशानें झालें, आणि जें पेय चीनमध्यें कोट्यवधि लोकांच्या न्याहारीचें अंग होऊन बसलें तें आमच्या दाराशीं येऊनही उंबऱ्याबाहेरच कां राहिलें, ह्या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

चिनी परंपरेस विचारिलें तर ती तत्काळ एका राजपुत्राचें नांव सांगते. हान घराण्यांतील ल्यू आन हा ह्वायनान प्रांताचा अधिपति होता. त्याचा काळ ख्रिस्तपूर्व १७९ ते १२२. तो विद्वानांचा आश्रयदाता होता, त्याच्या दरबारीं एक विख्यात तत्त्वज्ञानविषयक ग्रंथ सिद्ध झाला, आणि अखेरीस बंडाच्या आरोपावरून त्यास आत्मघात करावा लागला. ह्या ल्यू आननें, अथवा त्याच्या पदरीं असलेल्या सिद्धांनीं, सोयाबीनचें दूध काढून तें क्षार घालून साकळविलें, आणि तोच चिनी 'दौफू' म्हणजे सोयाबीनचें पनीर, अशी आख्यायिका आहे. सोळाव्या शतकांतील प्रख्यात वैद्य ली शिचेन ह्यानेंही आपल्या औषधिकोशांत दौफूचें जनकत्व ल्यू आन ह्यासच दिलें आहे.

परंतु इतिहासास आख्यायिकेची साक्ष पुरत नाहीं. ल्यू आनच्या मृत्यूनंतर सुमारें एक हजार वर्षेंपर्यंत चिनी वाङ्मयांत दौफूचें नांव स्पष्टपणें सांपडत नाहीं. हान काळांतील एका थडग्याच्या शिळेवर जें दृश्य कोरलेलें आहे तें दौफू करण्याचें, असें कांहीं पंडितांचें मत आहे. तें मद्य गाळण्याचें, असें इतरांचें मत आहे. पहिला निःसंदिग्ध उल्लेख येतो तो दहाव्या शतकांतील थाव गू ह्याच्या संग्रहांत, आणि तोही मोठा मार्मिक आहे. छिंगयांग येथील एका निर्लोभी अधिकाऱ्यास मांस परवडत नसे. तो रोज बाजारांतून दौफूचे तुकडे आणवी. आणि लोक त्या दौफूसच 'छोटें मेंढरूं' म्हणूं लागले. आख्यायिकेंत अमरत्वाचा शोध करणारा राजपुत्र आहे. कागदावर मात्र महिनाअखेरची विवंचना करणारा एक सज्जन कारकून आहे. ह्या दोहोंपैकीं दुसराच आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतो. शोधांचें श्रेय सिंहासनाच्या पायाशीं नेऊन ठेवण्याची मनुष्यजातीची खोड जुनी आहे. पदार्थ मात्र बहुधा चुलीपाशींच जन्मास येतात.

सोयाबीन हें धान्य स्वतः फार प्राचीन आहे. चिनी लोक त्यास पंचधान्यांत गणीत आले. परंतु त्याचा मान मोठा नव्हता. दाणा कठीण, शिजण्यास लांकडें फार, आणि खाल्ल्यावर पोट जड होई. सोयाबीन शिजवून खाणें हें दारिद्र्याचें लक्षण मानलें जाई. पुढें हान काळांत फिरत्या जात्याचा प्रसार झाला आणि दळण्या-वाटण्याची कला वाढली. भिजविलेला दाणा पाण्यासह जात्यांत घालून वाटतां येऊं लागला तेव्हां दुधासारखा रस निघूं लागला. येथपर्यंतची वाट सरळ आहे. नवल पुढेंच आहे.

दौफू करणाऱ्यास आधीं हें दूध काढावेंच लागतें. म्हणजे शतकानुशतकें हा रस कढयाच्या कढया भरून चिनी कारागिरांच्या डोळ्यांपुढें होता. मग तो पिण्याची चाल लगोलग कां पडली नाहीं? चिनी अन्नविद्येचे इतिहासकार एच्. टी. ह्वांग ह्यांनीं इ. स. २००० मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या विस्तृत ग्रंथांत ह्या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. त्यांचें प्रतिपादन थोडक्यांत असें कीं, हें पेय म्हणून सर्वसामान्य झालें तें छिंग राजवटींत, म्हणजे गेल्या दोन-तीन शतकांत. आणि त्याचें कारण हें कीं, बराच वेळ उकळल्यावांचून तें रुचत नाहीं व पचतही नाहीं, ही गोष्ट तेव्हां लोकांच्या ध्यानांत आली. दौफूस ही अडचण तितकीशी बाधत नाहीं. दूध साकळवून दाबलें म्हणजे पाणी निथळून जातें आणि त्या पाण्याबरोबर पोट फुगविणाऱ्या शर्करेचा बराच भागही जातो. दूध तसेंच प्यावयाचें तर त्यांतील कांहींच टाकतां येत नाहीं. जो दोष घालवावयाचा तो अग्नीनेंच घालवावा लागतो. एतावता, जात्यानें रस दिला, परंतु त्याचें दूध केलें तें चुलीनें. आणि ह्या दोन पायऱ्यांमध्यें शेंकडों वर्षांचें अंतर पडलें.

ही उकळी म्हणजे काय हें कृति पाहिल्याखेरीज कळणार नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं कुरडयांसाठीं गव्हाचा चीक काढतात त्यांस अर्धी कृति आधींच ठाऊक आहे : भिजविणें, वाटणें, फडक्यानें पिळणें. सोयाबीनचे पिवळे, न किडलेले दाणे निवडून, धुवून, भरपूर पाण्यांत रात्रभर भिजत घालावे. थंडीच्या दिवसांत त्यांस अधिक वेळ लागतो. उन्हाळ्यांत पाणी आंबूं लागण्यापूर्वीं बदलावें. सकाळीं दाणा फुगून दुपटीहून अधिक होतो. बोटांनीं दाबला तर त्याचीं दोन दळें सहज विलग होतात. तळहातांनीं चोळून सालें पाण्यावर तरंगूं द्यावीं व ओतून टाकावीं. नंतर दाणे थोडथोडें पाणी घालीत गंधासारखे मऊ वाटावे. कोरड्या दाण्याच्या वजनाच्या आठ ते दहा पट पाणी एकंदर लागतें. कमी घातल्यास दूध दाट होतें व दौफूस चांगलें, अधिक घातल्यास पातळ व पिण्यास हलकें. मग स्वच्छ फडक्यांतून गाळून चोथा घट्ट पिळावा.

आतां खरी परीक्षा. गाळलेला रस जाड बुडाच्या, निम्म्याहून अधिक न भरलेल्या पातेल्यांत घालून मंद आंचेवर ठेवावा व सारखा ढवळावा, कारण तो बुडाशीं फार लवकर लागतो. थोड्या वेळानें पांढरा फेंस उसळून कांठापर्यंत येतो. नवशिका तेथेंच फसतो. दूध उतूं चाललें असें समजून तो पातेलें खालीं उतरवितो. परंतु ही उकळी नव्हेच. ह्या रसांत रिठ्याप्रमाणें फेंस धरणारीं द्रव्यें असतात, त्यामुळें पाणी खळखळण्याच्या पुष्कळ आधींच तो फुगून वर येतो. चिनी लोक ह्यास 'खोटी उकळी' म्हणतात, आणि ह्या एका शब्दांत त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव सांठलेला आहे. आंच कमी करावी, फेंस ढवळून बसवावा, आणि खरी उकळी फुटल्यावर आणखी दहा-पंधरा मिनिटें तें संथपणें उकळूं द्यावें. तेव्हां त्याचा कच्चा उग्र वास जाऊन जरासा गोडूस सुवास येतो. कच्चें राहिलेलें दूध प्याल्यानें मळमळ व वांति होते, हें चीनमध्यें लहान मुलांसही शिकवावें लागतें.

निवतांना ह्या दुधावरही साय धरते. ती काडीनें उचलून, वाळवून, चीन व जपान ह्या दोन्ही देशांत आवडीनें खातात. फडक्यांत राहिलेला चोथा टाकण्याचें कारण नाहीं. थालीपिठाच्या भाजणींत तो मिसळला तर उत्तम जिरतो, मात्र त्यासही चांगली आंच लागली पाहिजे. चिनी कारागीर बहुधा आधीं गाळून मग उकळतात, तर जपानी आधीं वाटण उकळून मग गाळतात. पहिल्या रीतींत गाळणें सोपें, दुसरींत रस अधिक सुटतो. प्रत्येक घर आपल्या सोयीनें निवड करितें. चीनमध्यें हें दूध साखर घालून गोड पितात, किंवा मीठ, शिर्का व खारविलेली भाजी घालून खारट करितात. त्याच्या सोबत तळलेल्या कणकेचा लांब दांडा बुडवून खाण्याची चाल सर्वत्र आहे.

कुटुंबांतील स्त्रियांनीं व रस्त्यावरील फेरीवाल्यांनीं जें अनुभवानें ठरविलें त्याचें कारण सांगण्यास शास्त्रास बराच उशीर लागला. अमेरिकेंतील ऑसबर्न व मेंडेल ह्या शास्त्रज्ञांनीं इ. स. १९१७ मध्यें दाखविलें कीं, कच्च्या सोयाबीनवर ठेविलेले उंदीर नीट वाढत नाहींत, आणि तेंच सोयाबीन शिजविलें तर वाढतात. इ. स. १९४५ मध्यें कुनिट्झ ह्यांनीं सोयाबीनमधील तें द्रव्य स्फटिकरूपानें वेगळें केलें जें आपल्या आंतड्यांतील ट्रिप्सिन नांवाच्या पाचक द्रव्यास अडवून धरितें. दीर्घ उकळीनें ह्या अडसराचें बळ बहुतांशीं नष्ट होतें. ह्या विषयांत महाराष्ट्रकन्येचाही वाटा आहे, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नाहीं. डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, ह्यांनीं केंब्रिज येथील पदवी घेऊन आल्यावर पुढें मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें, इ. स. १९५० नंतरच्या दशकांत, वालासारख्या भारतीय कडधान्यांतील अशाच ट्रिप्सिनरोधक द्रव्यांचा अभ्यास केला. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, शिजवूनच बिरडें करण्याची आमची रीत आणि चिनी गृहिणीची ती दीर्घ उकळी ह्या एकाच शहाणपणाच्या दोन शाखा आहेत.

उग्र वासाचें कोडेंही असेंच उशिरां सुटलें. थंड पाण्यांत दाणा वाटला कीं त्यांतील एक किण्वद्रव्य हवेच्या साहाय्यानें तेलावर क्रिया करितें आणि क्षणार्धांत कच्च्या शेंगेसारखा दर्प उत्पन्न होतो. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनीं इ. स. १९६७ च्या सुमारास दाखविलें कीं, दाणा ८० अंश किंवा त्याहून अधिक उष्ण पाण्यांतच वाटला तर तो दर्प उत्पन्नच होत नाहीं. ज्यांस चिनी चव जन्मापासून अंगवळणी पडलेली नाहीं, त्यांच्यासाठीं हा शोध लहान नव्हे.

हें दूध घराबाहेर पडून कारखान्यांत शिरलें तो इतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. ली यूयिंग ह्या चिनी तरुणानें, जो एका मोठ्या राजमंत्र्याचा पुत्र असूनही राजसत्तेचा शत्रु होता, पॅरिसजवळ कोलोंब येथें इ. स. १९०९ च्या सुमारास सोयाबीनच्या पदार्थांचा कारखाना काढला आणि इ. स. १९१० मध्यें ह्या दुधाच्या कृतीचें पेटंट मागितलें. इ. स. १९३६ मध्यें हॅरी मिलर ह्या अमेरिकन मिशनरी डॉक्टरनें शांघाय येथें तेंच दूध बाटल्यांत भरून विकण्यास आरंभ केला. पुढच्याच वर्षीं जपानी बाँबफेकींत त्याचा कारखाना नष्ट झाला. 'सोयाबीन ही चीनची गाय आहे' ह्या आशयाचें एक व्याख्यान शांघायमध्यें इ. स. १९३७ मध्यें ऐकून प्रभावित झालेल्या लो क्वी-सियाँग ह्या व्यापाऱ्यानें इ. स. १९४० मध्यें हाँगकाँगमध्यें 'व्हिटासॉय' सुरू केलें. पहिल्या दिवशीं अवघ्या ९ बाटल्या खपल्या. युद्धांत तोही कारखाना बंद पडला. युद्धानंतर पुन्हां उघडला आणि मोठा झाला. तिघांच्याही उद्योगामागें एकच प्रेरणा होती : ज्या लोकांस गाईचें दूध मिळत नाहीं, त्यांच्या मुलांच्या तोंडीं स्वस्त आणि सकस घोट पडावा.

हीच प्रेरणा त्याच सुमारास आमच्याकडेही जागी झाली होती. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या कारकीर्दींत अन्नपाहणीचें खातें होतें. त्या खात्याचे अधिकारी एफ्. एस्. काळे ह्यांनीं सोयाबीनवर एक मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला; तो इ. स. १९३६ मध्यें प्रसिद्ध झाला आणि त्यांत लागवडीपासून तों तीनशें पाककृतींपर्यंत सर्व कांहीं होतें. इकडे वर्ध्यास ग्रामोद्योग संघाचें ठाणें असलेल्या मगनवाडींत महात्मा गांधींनीं इ. स. १९३५ मध्यें सोयाबीनचे प्रयोग आरंभिले व बडोद्याच्या पत्रकांतील माहिती 'हरिजन'मधून वाचकांस दिली. गांधींना ह्या दाण्याचें आकर्षण वाटण्यास खोल कारण होतें. इ. स. १९१२ मध्यें त्यांनीं दूध सोडलें होतें, इ. स. १९१८ च्या भयंकर दुखण्यानंतर त्यांस शेळीचें दूध घेणें भाग पडलें, आणि त्या तडजोडीचें शल्य त्यांच्या मनांत राहिलें. तितकेंच पोषक व तितकेंच सुपाच्य असें वनस्पतिजन्य द्रव्य कोणास ठाऊक असेल तर त्यानें सांगावें, अशी विनंति त्यांनीं आपल्या आत्मकथेंतच केलेली आहे. पुढें बंगलोरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन व त्यांचे सहकारी ह्यांनीं इ. स. १९४० नंतरच्या वर्षांत सोयाबीनच्या दुधाची कृति व पोषणमूल्य ह्यांचा शास्त्रीय अभ्यास केला.

इतकें असून तें रुजलें नाहीं. इ. स. १९४६ मध्यें इंडियन रिसर्च फंड असोसिएशननें जो अहवाल प्रसिद्ध केला त्याचा निष्कर्ष असा निघाला कीं, गरीब भारतीय आहारास पूरक म्हणून सोयाबीन हें आमच्या नेहमींच्या डाळींहून कांहीं विशेष सरस ठरत नाहीं. ह्या निष्कर्षाशीं भांडण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. परंतु त्यांतून एक गोष्ट निदर्शनास येते. आमच्याकडे सोयाबीनची तुलना सदैव डाळीशीं झाली. त्यास तुरीच्या पातेल्यांत घालून पाहिलें गेलें, आणि तेथें तें हरणारच होतें. सोयाबीनमध्यें सुमारें चाळीस टक्के प्रथिन व वीस टक्के तेल. पिष्ट जवळजवळ नाहींच. पिष्ट नाहीं म्हणजे वरण आळत नाहीं, दाणा मऊ होत नाहीं, आणि जेवणाराची जीभ संतुष्ट होत नाहीं. चीनमध्यें ह्या दाण्यास वर आणलें तें शिजविण्यानें नव्हे, तर वाटून, गाळून, उकळून त्याचें रूप पालटण्यानें. आम्हीं दाणा घेतला, परंतु त्याच्या मागची हजार वर्षांची कला घेतली नाहीं. कुमाऊंत काळें सोयाबीन 'भट' ह्या नांवानें पूर्वींपासून आहे व ईशान्येकडील डोंगरांत तें आंबवून खातात. तेथें तें टिकलें, कारण तेथें त्याची स्वतःची पाकविद्या होती. शिवाय ज्या देशांत गाईच्या दुधाभोंवतीं एवढी पूज्यबुद्धि आहे, तेथें दुसऱ्या दुधास आसन मिळणें सोपें नव्हतें.

तिसऱ्यांदा तें आलें तें पीक म्हणून. इ. स. १९६० नंतरच्या दशकांत पंतनगर व जबलपूर येथील कृषिविद्यापीठांनीं इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्यानें पिवळ्या जातींची लागवड करून पाहिली, आणि पुढें मध्य प्रदेश, विदर्भ व मराठवाडा ह्यांचीं शिवारें त्यानें व्यापलीं. आज देशांतील बहुतेक सोयाबीन मध्य प्रदेश व महाराष्ट्र हीं दोन राज्यें पिकवितात. लातूरची बाजारपेठ त्यावर चालते. परंतु हा सारा दाणा गिरणीकडे जातो. तेल कढईंत येतें, पेंड कोंबड्यांच्या खुराड्यांत किंवा परदेशीं जाते. ज्या घराच्या अंगणांत पोत्यांची थप्पी लागते त्या घराच्या चुलीवर सोयावडीखेरीज त्याचें दर्शन क्वचितच होतें. शेतकरी भावाची चिंता करितो तें रास्तच आहे. पण आपल्याच पोत्यांतील ओंजळभर दाण्यांतून घरच्या मुलांस सकाळचा एक पेला मिळूं शकतो, हें त्यास कोणीं सांगितलेलें नसतें.

ह्या पेल्याची अतिशयोक्ति मात्र करूं नये. घरीं नीट केलेल्या दुधांत प्रथिन गाईच्या दुधाच्या जवळपास, म्हणजे शेंकडा तीनच्या आसपास असतें. परंतु चुना, म्हणजे कॅल्शियम, त्याहून फार कमी असतो आणि बी-१२ जीवनसत्त्व नसतेंच. तान्ह्या मुलास आईच्या दुधाऐवजी तें देणें सर्वथा वर्ज्य आहे. कांहींच्या प्रकृतीस सोयाबीन मानवतही नाहीं. नाचणी, तीळ, पालेभाजी ह्यांची जोड हवीच; आणि ज्यांस गाईम्हशीचें दूध मिळतें त्यांनीं तें सोडावें असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यांस तें परवडत नाहीं किंवा पचत नाहीं, त्यांच्यासाठीं हा विचार आहे.

चीनमध्येंही मध्यंतरीं घरीं दूध करण्याची चाल मागें पडली होती, कारण शेवटीं ती ढवळण्याची व जपण्याची कटकट होती. इ. स. १९९४ मध्यें वांग शूनिंग ह्यानें वाटणें व उकळणें एकाच भांड्यांत करणारें घरगुती यंत्र काढलें. इ. स. २००८ मध्यें मुलांच्या दुधाच्या भुकटींत मेलामाइन मिसळल्याचें उघडकीस येऊन देश हादरला, तेव्हां ह्या यंत्रांचा खप एकाएकीं वाढला. बाजाराच्या दुधावरील विश्वास उडाला तेव्हां लोक पुन्हां भिजत घातलेल्या दाण्याकडे वळले, कारण तो त्यांनीं स्वतः निवडलेला असतो, स्वतः धुतलेला असतो.

आमच्या घरीं यंत्र नसलें तरी चालेल. पाटा-वरवंटा किंवा मिक्सर, एक स्वच्छ फडकें आणि जाड बुडाचें पातेलें पुरे आहे. ह्यांतील एकही वस्तु मराठी घरास परकी नाहीं. परकी आहे ती केवळ उकळीची तेवढी शिस्त : फेंस वर आला म्हणजे काम झालें असें न समजतां आणखी पंधरा मिनिटें चुलीपाशीं उभें राहणें. बडोदें व वर्धें येथील थोरांनीं दाण्याचे गुण सांगितले. बंगलोरच्या पंडितांनीं त्याचें मोजमाप केलें. शेतकऱ्यानें तो पिकविला. राहिलेलें काम स्वयंपाकघराचें आहे, आणि तें ग्रंथांनीं वा अहवालांनीं होणारें नाहीं. प्रत्येक गांवांत दोन-चार घरीं जरी हें दूध नीट उकळलेलें मिळूं लागलें व शेजारणीनें शेजारणीस कृति सांगितली, तर जें राजाश्रयानें साधलें नाहीं तें सहज साधेल. चीनमध्येंही तें असेंच पसरलें. तें पसरविणाऱ्यांपैकीं एकाचेंही नांव इतिहासास ठाऊक नाहीं.